दोघांची धडधड

"उद्या तो ठोके मोजायचा पट्टा मलाही बांधायचाय म्हणे," दादा ताटाकडे बघत म्हणाला, आणि भिंगरीच्या हातातला घास हातातच राहिला.

वाढता वाढता वहिनीचा डाव थांबला. "तुम्हाला? तुम्हाला कशाला?"

"नवी मोटरसायकल पाहुण्यांना दाखवायचीय ना. साहेबांच्या डोक्यात आलंय, गाडीचा वेग आणि चालवणाऱ्याच्या काळजाचे ठोके, दोन्ही मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी टाकायचे. गाडी इतकी स्थिर की माणसाचं काळीजसुद्धा हलत नाही, असं पटवायचंय." दादा हसला, पण ते हसू ओठांवरच विझलं. "पडद्याचं काम हिच्याकडेच आहे. विचार हिला."

विचार हिला! दोन वर्षं झाली, एका छपराखाली राहून, एका भांड्यातलं जेवून भाऊ-बहीण वहिनीच्या तोंडूनच बोलत होते. खाली मान घालून भिंगरी जेवत राहिली. पण तिच्या अंतःकरणात इतके दिवस राखेखाली धुमसत असलेला निखारा एकाएकी लखलखून उठला होता. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! ज्या पट्ट्यानं दादानं तिचं आयुष्य हिरावून घेतलं, तोच पट्टा उद्या दादाच्या छातीवर... आणि पडदा तिच्या हातात!

कारखान्याच्या मागे चाचणीचा रस्ता होता. खडी, पाण्याचे खळगे, लांबलचक सरळ भाग आणि शेवटी ते तिरपं, जीवघेणं वळण. तिथं धावल्याशिवाय एकही नवी गाडी बाहेर पडत नसे. त्यांचे बाबा त्याच रस्त्यावर गाड्या चालवायचे आणि त्याच वळणावर एके दिवशी पडले, ते परत उठलेच नाहीत. भिंगरी तेव्हा नुकती अक्षरं गिरवू लागली होती. दादा एका सुताराकडे काम शिकत होता, आणि त्याचा रंधा लाकडावरून असा फिरायचा की उस्ताद इतरांना बोलावून दाखवायचा. पण कारखान्यानं घराला एकच नोकरी देऊ केली, बाबांची. दादानं रंधा खाली ठेवला आणि बाबांच्या जागी हेल्मेट चढवलं. त्याच हातांनी त्यानं भिंगरीच्या वेण्या घातल्या, तापात तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, शाळेच्या फाटकाशी तिची वाट पाहिली. आई होऊन वाढवलं त्यानं तिला...

म्हणूनच तर तो घाव इतका खोल गेला होता! परका मारतो तेव्हा कातडी फाटते. आपला मारतो तेव्हा काळजाला घरं पडतात.

मोठी झाल्यावर भिंगरीनं एकच मागितलं होतं, मोटरसायकल. दादानं नाही म्हटलं. ती रुसली, रडली आणि शेवटी त्याला न सांगता परीक्षा देऊन त्याच रस्त्यावर दाखल झाली. गाडीवर बसली की ती वेगळीच व्हायची. एकदा तर तिनं दादापेक्षाही कमी वेळात पूर्ण फेरी मारली. सगळ्या पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. दादानंही टाळ्या वाजवल्या. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला तिनं वरून पाहिला होता.

आणि मग ते पट्टे आले. चालवणाऱ्यांच्या काळजाची नोंद ठेवायची, असा नवा नियम निघाला. आधी मनगटावरची घड्याळं दिली. भिंगरीचे ठोके एकशे सत्तरच्या वर जात. "हँडलच्या थरथरीनं घड्याळ खोटं सांगतंय," ती म्हणाली. डॉक्टरांनीही मान डोलावली, असं होतं म्हणाले. मग छातीवर बांधायचा पट्टा आला. एकशे चौऱ्याहत्तर! डॉक्टरांनी तिची कसून तपासणी केली, हृदय ठणठणीत निघालं. "आता मुख्य स्वार म्हणतील तसं," डॉक्टर दाराआड बोलले. मुख्य स्वार म्हणजे दादा. आणि दाराबाहेर कान देऊन उभ्या असलेल्या भिंगरीनं दादाचा आवाज ऐकला...

"नको. तिला रस्त्यावर सोडू नका."

एवढेच शब्द! ज्याच्या खांद्यावर बसून जग पाहिलं, त्यानंच पंख छाटले! का? बहीण पुढे गेलेली बघवली नाही म्हणून! दुसरं काय कारण असणार? त्या दिवसापासून भिंगरी काचेच्या खोलीत बसून इतरांच्या गाड्यांची उष्णता आणि इतरांच्या काळजांचे ठोके पडद्यावर बघत होती. जखमेवर रोज मीठ! फक्त एका माणसाचे ठोके तिथं कधी उमटले नव्हते. सगळ्यांना पट्टे बांधून देणारा दादाच. त्याला कोण बांधणार?

दुसऱ्या दिवशी मांडव पाहुण्यांनी भरला. साहेब काचेच्या खोलीत डोकावून म्हणाले, "आकडा जरा इकडेतिकडे झाला तर नाडीचा भाग बंद कर. तुला सांगायला नको."

"नको," भिंगरी म्हणाली. "मला सगळं कळतं."

दादा गाडीवर बसला. इंजिन अजून सुरूही झालं नव्हतं, आणि पडद्यावर आकडा उमटला. एकशे चाळीस. भिंगरी चमकली. उभ्या गाडीवर? तिचं बोट नाडीचा भाग बंद करायच्या बटणावर गेलं. एका क्षणाचं काम होतं... पण कानात दाराआडचे ते शब्द घुमले. तिला रस्त्यावर सोडू नका! तिनं बोट मागे घेतलं. आणि दात ओठ खाऊन तो आकडा मोठा केला. आणखी मोठा. आता मांडवाच्या शेवटच्या खुर्चीवरूनही तो दिसत होता.

एकशे साठ. एकशे सत्तर. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर, जिथं लहान पोरानंही हात सोडून गाडी चालवली असती, तिथं एकशे ब्याऐंशी! आकडा लाल झाला. मांडवात कुजबुज उठली. साहेब खाणाखुणा करू लागले. भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. गाडी त्या वळणावरून सुरेख, रेघ मारल्यासारखी गेली, पण गाडीकडे बघत होतं कोण! "गाडी झकास आहे हो," एक पाहुणा मोठ्यानं म्हणाला, "चालवणारा तेवढा बदला!" आणि सगळा मांडव हसला.

दादानं हेल्मेट काढलं. हसू कशाचं ते त्याला कळेना. मग त्यानं वळून पडद्याकडे पाहिलं. आणि मग काचेच्या खोलीकडे... ती नजर रागाची नव्हती. भर बाजारात अंगावरचं वस्त्र ओढलं जावं, तशी ती नजर होती. त्यानं पट्टा सोडला, गाडीवर ठेवला आणि तो चालत फाटकाबाहेर निघून गेला.

फिटलं! भिंगरीचं मन ओरडलं. सव्याज फिटलं! घरी येताना तिनं आपली गाडी भरधाव सोडली. अपमान म्हणजे काय, कळू दे! चार लोकांत मान खाली घालणं म्हणजे काय, कळू दे!

वहिनी स्वयंपाकघरात विझलेल्या शेगडीपुढे बसली होती. "आलीस?" ती म्हणाली. "झालं समाधान?"

"त्यानं केलं तेच मी केलं, वहिनी. आकडा दाखवला."

"आकडा!" वहिनी उठली. इतकी वर्षं हळू बोलणारी ती बाई अंगात आल्यासारखी बोलू लागली. "तुला काय कळतो गं आकडा? रोज सकाळी हे न्हाणीघरात जातात आणि नळ सोडतात. पाणी किती वाया घालवतो दादा, म्हणून तू हसायचीस. अगं, ओकारीचा आवाज तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून सोडतात तो नळ! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना कसला रोग आहे. रोग नव्हता... भीती होती! बाबा पडले तेव्हा हे त्या रस्त्याच्या कठड्यापाशी उभे होते. सगळं डोळ्यांनी पाहिलंय त्यांनी. रोज त्या वळणावर अजून तेच दिसतं त्यांना!"

"मग... सोडलं का नाही त्यानं?"

"कुणासाठी नाही सोडलं? भिंगरीची शाळा होऊ दे. भिंगरी पायावर उभी राहू दे. आणि तू उभी राहिलीस ती नेमकी त्याच रस्त्यावर! मग तर संपलंच. म्हणाले, ती तिथं आहे तोवर मी हलणार नाही."

भिंगरी मागच्या अंगणात आली. दादा पायरीवर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

"दादा..." दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याला हाक मारली.

"ये." त्यानं वर पाहिलं नाही. "बरं केलंस गं. माझ्यानं ते सोडणं कधीच झालं नसतं. आता कुणी मला पुन्हा गाडीवर बस म्हणणार नाही."

"मला का काढलंस? खरं सांग. माझी शपथ आहे तुला!"

"एकशे चौऱ्याहत्तर," दादा म्हणाला. "तो आकडा बघितला आणि माझं अवसान गळालं. वाटलं, माझं पोर रोज माझ्यासारखंच मरतंय. बाबांच्या नावासाठी, हट्टासाठी... दात दाबून, कुणाला न सांगता. तू जन्मभर माझा द्वेष केलास तरी चालेल म्हटलं, पण हे भोगणं नको..."

"अरे, पण मी घाबरत नव्हते!" भिंगरी किंचाळली. "मी गात असायचे दादा! हेल्मेटच्या आत, मोठ्यांदा, बेसूर! त्या वळणावर तर आनंदानं ओरडायचे!"

दादानं मान वर केली. परक्या मुलखातला शब्द ऐकावा तसा तो बघत राहिला. "आनंदानं? आनंदानंसुद्धा... एवढं धडधडतं?"

"एकदा विचारायचंस तरी मला!"

"कसं विचारू? भीती वाटते का म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, तुला वाटते का दादा? मग सांगावं लागलं असतं. ज्याच्या जोरावर तू निर्धास्त वाढलीस, तो... तो किती भित्रा आहे ते."

भिंगरीनं त्याचे हात ओढून आपल्या डोळ्यांवर धरले. "भित्रा? रोज मरून रोज परत गाडीवर बसणारा माणूस भित्रा? आणि मी त्यालाच चार लोकांत... हसवलं रे लोकांना तुझ्यावर! तो आकडा मी माझ्या हातानं मोठा केला!"

"हक्क होता तुझा," दादा म्हणाला. "मीही तुझं न विचारताच हिरावून घेतलं होतं ना? आपण दोघंही बापावर गेलोय. बोलायचं सोडून बाकी सगळं करतो."

दारात उभी वहिनी रडत रडत हसली.

सगळं लगेच सरळ झालं नाही. दादा स्वतः साहेबांकडे गेला, नोकरी सोडली आणि निघताना म्हणाला, "तिला रस्त्यावर सोडा. चूक माझी होती." पण पडद्याचं खापर भिंगरीच्या डोक्यावर फुटायचं ते फुटलंच, कित्येक महिने तिला गाड्या धुवायला लावलं. ती मुकाट्यानं धूत राहिली. दादा आपल्या उस्तादाच्या मुलाकडे, त्या वयात, शिकाऊ म्हणून बसला आणि केसांत लाकडाचा भुसा घेऊन घरी येऊ लागला. कारखान्यातली टवाळ पोरं मात्र अजून त्याला 'एकशे ब्याऐंशी' म्हणतात. भिंगरी त्यांच्याशी भांडते. पण ते नाव आपणच ठेवलं, हे तिचं तिला ठाऊक असतं, आणि तेवढा काटा जन्मभर तिच्या उरात सलत राहणार आहे.

अखेर तिला पुन्हा रस्त्यावर घेतल्याचा निरोप आला. त्या सकाळी ती तयार होऊन बाहेर आली, तर बाहेरच्या खोलीत दादा गाढ झोपला होता. ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं होतं, तोंड लहान मुलासारखं उघडं होतं. इतक्या वर्षांत उन्हं वर आल्यावर झोपलेला दादा तिनं कधी पाहिलाच नव्हता. तिनं खिडकीचा पडदा ओढला, चपला हातात घेतल्या आणि बाहेर येऊन गाडी स्टँडवरून हलकेच उतरवली.

ती गाडी ढकलत निघाली. चढ होता, गाडी जड होती, दम लागत होता.

"काय गं, बंद पडली की काय?" शेजारीण खिडकीतून ओरडली.

"हळू बोला ना!" भिंगरी पुटपुटली. "दादा झोपलाय."

आणि गल्ली संपून मोठा रस्ता लागेपर्यंत, घराचं छप्पर दिसेनासं होईपर्यंत, तिनं गाडी सुरू केली नाही.