माकडिणीवरचा आळ

लुंग फिन आला तेव्हा वीपा भात खात होती. म्हाताऱ्याच्या खांद्यावर त्याची नारळ उतरवणारी माकडीण दाओ बसली होती. तिने आल्या आल्या वीपाच्या ताटातली काकडी उचलली.

"लुंग, आवर तिला. नाहीतर पहिला खटला तिच्यावर भरीन," वीपा म्हणाली. थायलंडच्या समुई बेटावर सगळेच फिनला लुंग, म्हणजे काका, म्हणत.

म्हातारा हसला नाही. "हिला मारायला सांगितलंय, पोरी. आज सूर्य बुडायच्या आत."

वीपाने हात धुतले. बेटावर खाजगी तपासाचं दुकान तिचं एकटीचंच. सोबतीला चुआन, पोलिसातून निवृत्त झालेला, पोटाने मोठा आणि डोक्याने सावकाश. गोष्ट दोघांनीही ऐकली होती. काल सकाळी नऊ वाजता, रिसॉर्टच्या किनाऱ्यावर माडाखाली झोपलेल्या प्रानीबाईंच्या डोक्यात नारळ पडला आणि बाई जागच्या जागी गेल्या. बँकॉकच्या बड्या कापडवाल्या. नवरा विचाई आणि धाकटी बहीण सुरांग बरोबर होती. तीन दिवस बँकॉकातच दुकानासाठी खरेदी, मग गाडी बोटीवर घालून बेटावर चार दिवस आराम, असा बेत होता.

"ते माड परवाच दाओने साफ केले," लुंग म्हणाला. "सुका तपकिरी नारळ वर एकही ठेवला नव्हता. पण नवरा म्हणतो, माकडाने अर्धवट सोडलेला नारळ पडला. माकड मार, मी तक्रार मागे घेतो. नाहीतर तुरुंगात सड."

"मग?"

"म्हातारी गेल्यापासून घरात बोलायला हीच आहे. पण तुरुंगात गेलो तर हिला खायला कोण घालणार?"

"संध्याकाळपर्यंत थांब. मी आहे," वीपा म्हणाली.

नारळ पोलिस चौकीत टेबलावर ठेवलेला होता. हिरवागार, एका अंगाला रक्ताचा डाग. वीपाने तो उलटा करून देठ पाहिला. देठ सपाट होता, सुरीने कापल्यासारखा.

"काय बघायचंय त्यात, पी?" चुआन म्हणाला. वीपापेक्षा वयाने मोठा असूनही तो तिला मानाने पी, म्हणजे ताई, म्हणायचा. "नारळ तो नारळ."

वीपाने फौजदाराला भोक पाडायला लावलं आणि वाकून वास घेतला. खोलीभर आंबेमोहोर शिजल्यासारखा वास पसरला.

"भूक लागली," चुआन म्हणाला.

विचाई रिसॉर्टच्या व्हरांड्यात पंख्याखाली कॉफी पीत होता. डोळे कोरडे.

"मी खोलीत गेलो होतो, तिची चप्पल आणायला. परत येतो तर धप्पकन आवाज. बघतो तर नारळ वाळूत लोळतोय."

"वर माकड दिसलं?"

"माझा जन्म बँकॉकच्या यावराट बाजाराच्या गल्लीतला, बाई. झाडावर काय असतं मला काय ठाऊक? आम्ही नारळ बघतो ते बर्फावर, स्ट्रॉ खोचलेले." त्याने कप खाली ठेवला. "मेलं का ते माकड?"

"अजून नाही."

"मग उशीर कसला चाललाय?"

सुरांग स्वयंपाकघरामागे बसून खोबरं खवत होती. बाईंच्या नावाने भिक्षूंचं जेवण व्हायचं होतं. खवून झालं तशी ती उठली, दाओने परवा पाडलेल्या, माडाखालीच पडून असलेल्या दहाबारा सुक्या नारळांतला एक हलवून पाहून घेऊन आली.

"पारख चांगली आहे," वीपा म्हणाली.

"चुंफोनची आहे मी, नारळीच्या मुलखातली. खोबऱ्यावरच वाढले."

"बहिणीवर जीव होता?"

"माझं ठरलेलं लग्न तिने मोडलं. जीव कुठून असणार?" सुरांगने नारळ एका घावात फोडला. "काल नऊ वाजता कुठे होते तेही विचारा. एकटीच फिरत होते. कोणी पाहिलं नाही."

"आणि तुमचे मेहुणे?"

"भाऊजींना तिने बँकॉकच्या बाजारात गाठोडी उचलायला लावली. दुकानदारांना सांगायची, हा माझा हमाल, पगार नाही, नुसतं जेवण. सगळे हसले. भाऊजीही हसले." तिने फुटलेल्या नारळाचं पाणी वाटीत ओतलं. "तिथल्याच कालव्याकाठच्या बागेतून शहाळ्यांचा एक घड घेतला, चार शहाळी. इथल्या नारळाचं पाणी म्हणजे भांड्यांचं धुवण, म्हणायची. घड अजून गाडीतच आहे. किल्ली व्हरांड्यात खुंटीवर असते, कोणीही घ्यावी."

वीपा गाडीकडे जाऊन आली आणि तिने चुआनला बाजूला घेतलं.

"लुंगला जाऊन सांग, दाओच्या केसालाही हात लावायचा नाही. आधी निरोप, मग नूडल्स. कळलं?"

"कळलं, पी."

तीन वाजता वीपाने सगळ्यांना रिसॉर्टच्या जेवणघरात बसवलं. विचाई, सुरांग, फौजदार. चुआन तोंड पुसत सगळ्यांत शेवटी आला. वीपाने टेबलावर तो हिरवा नारळ ठेवला.

"माकड नारळ पिळून तोडतं. देठाचे धागे निघतात. याचा देठ सुरीने कापलाय. आता वास घ्या. या वासाचे नारळ बँकॉककडच्या ठेंगण्या झाडांना लागतात. इथले माड साठ फूट उंच, आणि त्यांच्या पाण्याला वास नाही. म्हणजे हा झाडावरून पडलाच नाही. हा गाडीतून आला आणि कोणीतरी तो बाईंच्या डोक्यात घातला."

तिने पिशवीतून घड काढला. शहाळी तीनच होती. चौथ्याच्या जागी कापलेला खुंट होता. टेबलावरचा नारळ तिने त्याला लावला. दोन्ही काप बरोबर जुळले.

"किल्ली खुंटीवर होती," विचाई म्हणाला. "सुरांगही घेऊ शकली असती. तिचा तर रागच होता."

"राग होता. पण ती चुंफोनची. हिरवं शहाळं आपणहून पडत नाही, पडतो तो सुका नारळ, हे तिला झोपेतही कळतं. माडाखाली दहाबारा सुके पडलेले असताना ती गाडीपर्यंत कशाला जाईल? गाडीतला हिरवा तोच उचलेल, ज्याने आयुष्यभर नारळ बर्फावरच पाहिलाय. तुम्ही सोंग पडलेल्या नारळाचं आणलंत, विचाई, पण चुकीच्या नारळाचं."

सुरांगने भाऊजींकडे पाहिलं. "ती तर झोपली होती हो."

"म्हणून तर," विचाई शांतपणे म्हणाला. "एकतीस वर्षांत ती पहिल्यांदाच गप्प दिसली. वाटलं, अशीच राहू दे."

फौजदाराने त्याला बेड्या घातल्या.

"आणि माकड?" वीपाचा आवाज चढला. "ते कशाला मारायचं होतं?"

"माकड मेलं की प्रकरण मिटतं. मेलेल्याची चौकशी कोण करतं?"

दारात लुंग फिन उभा होता. खांदा मोकळा होता. हातात दाओची दोरी नीट गुंडाळलेली होती.

वीपा चुआनकडे वळली. "निरोप दिलास ना?"

"नूडल्सच्या गाडीवर गर्दी होती, पी," चुआनची मान खाली गेली. "म्हटलं, सूर्य बुडायला वेळ आहे."

वीपाला चुआनचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. निरोप घेऊन तिने स्वतः जायला हवं होतं.

लुंग कोणाकडे न बघता विचाईसमोर आला. वर न बघताच त्याने हात जोडले.

"झालं साहेब. सूर्य कलला तरी कोणाचा निरोप आला नाही, मग दुसऱ्याच्या हातून नको म्हणून मीच केलं. तिला वाटलं, नारळ उतरवायला चाललोय. आपणहून खांद्यावर येऊन बसली." त्याने दोरी टेबलावर ठेवली. "आता तेवढी तक्रार मागे घ्या."

विचाईने बेड्यांतले हात जोडले.

"घेतली," तो म्हणाला.