ठकुबाईंच्या डोळ्यांतलं पाणी

ठकुबाईंनी चहाच्या कपाकडे हात नेला, तो कपाच्या शेजारीच पडला. "हितं कुणी काळं फडकं धरलंय?" त्या पुटपुटल्या. रत्ना धावली, पण तिचा हात सासूबाईंनी झिडकारला आणि त्या लेकाला म्हणाल्या, "सोमनाथ, तिला सांग, माझं मी बघंन."

'तिला'... सासूबाईंच्या तोंडून रत्नाचं नाव नाहीसं होऊन वर्षं लोटली होती. रत्नाची लेक राजनंदिनी ठरलेलं लग्न मोडून पुण्याला शिकायला निघून गेली, तेव्हा आजीचा संताप नातीवर कोसळू नये, पोरीला पुन्हा या घरात यायला तोंड उरावं, म्हणून "म्याच धाडली तिला," असं सांगून या माउलीनं सारा दोष स्वतःच्या शिरावर घेतला होता. तेव्हापासून सासूबाईंचं साखरेचं इंजेक्शन तिच्या हातानं, पथ्याची भाकरी तिच्या हातची. मायेचा शब्द मात्र एकही नाही...

वेल्ह्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर उगवलेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून आत रक्त साकळलं होतं. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. इस्पितळाच्या दारात राजनंदिनी उभी होती. ती याच आजारावर संशोधन करत होती.

"आजी, ऑपरेशनमध्ये डोळ्यातला गढूळ रस काढतात. तो आम्हाला देशील? त्यातली प्रथिनं आम्ही तपासतो. कुठली वाढली, कुठली घटली, त्यावरून हा आजार कसा बळावतो ते उमगत जातं."

"मला काय त्याचा उपेग?"

"तुला नाही. तुझी नजर ऑपरेशननं सुधारेल. पुढच्यांना झाला तर होईल."

ठकुबाईंनी नातीचा हात चाचपून धरला. "माझी आई अशीच आंधळी होऊन गेली. घे, बाई." मग कडवट स्वरात म्हणाल्या, "तुझ्या आयनं तुला धाडलं, त्याचं येवढं तरी चीज झालं."

"आईनं?" राजनंदिनी चमकली. "आजी, आई तर एसटीपाशी मला धरून रडत होती, जाऊ नको म्हणत होती. मीच ऐकलं नाही."

रत्नानं मान खाली घातली. ठकुबाई काही बोलणार तोच त्यांना आत नेण्यात आलं.

पट्टी सुटली तेव्हा सारं धुरकट होतं. घरी आल्यावर ते दिवसागणिक निवळत गेलं. एका सकाळी अंगणात तांदूळ निवडणाऱ्या सुनेकडे त्या एकटक पाहत राहिल्या.

"रत्ना..."

रत्नाच्या हातातलं सूप थांबलं.

"तुझं केस कवा गं पांढरं झालं?"

"होत आलं हळूहळू, आत्याबाई."

"डोळं धड व्हतं, तवाबी म्या बघितलं न्हाई." त्या तिच्याजवळ येऊन बसल्या. "येवढं सोसलंस, आन खरं एकदाबी सांगितलं न्हाईस?"

"तुमी तिच्यावर रुसला असता. माझ्यावर रुसलात, तरी मी तुमच्याजवळच व्हते की..."

ठकुबाईंनी तिला छातीशी ओढलं, आणि तांदळाचे दाणे अंगणभर विखुरले तरी दोघींना भान नव्हतं.

पुढच्या रविवारी राजनंदिनी येणार म्हणून ठकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून वेल्ह्याच्या स्टँडवर हजर झाल्या. शेजारच्या मंगलनं विचारलं, "कुणाची वाट बघताय, मावशी?"

"नातीची. लोकांची नजर वाचावी म्हणून शिकतीया ती." मग रत्नाला दंडाला धरून त्यांनी पुढं केलं. "आन ही तिची आय. माझी रत्ना."

वळणावर एसटी दिसली. रत्ना हसत होती, आणि डोळे पुसायचं तिला सुचतच नव्हतं.