न हललेला पाय

पुण्यातल्या आमच्या तपासणी केंद्रात स्नायूंच्या आजाराचे रुग्ण येतात. आमचं एमआरआय यंत्र नुसतं चित्र काढत नाही. स्नायूत इंधन किती उरलंय तेही दाखवतं. पडद्यावरच्या आलेखात एक उंच टोक असतं. पाय काम करू लागला की ते खाली येतं, थांबला की पुन्हा भरून येतं.

कामथडीची श्रावणी आईबरोबर आली होती. आई मंगलताई, शेतात राबणारी काटक बाई. थोरला मुलगा वरद याच आजारानं आदल्या वर्षी गेला. त्याचीही तपासणी मीच केली होती. आता श्रावणीला घराची पायरी चढवेना.

आधी विश्रांतीतली नोंद. श्रावणीचा पाय पट्ट्यांनी बांधला होता, तरी टोक खाली येऊ लागलं.

मी माईकवर विचारलं, "श्रावणी, पाय हलवतेयस का?"

"नाही, मॅडम."

कॅमेऱ्यात पाऊल स्थिर होतं. तिला बाहेर काढून मी यंत्र तपासायची द्रवाची बाटली तिच्या जागी ठेवून पाहिली. नोंद बिनचूक आली. तिला परत आत घेतलं. टोक पुन्हा खचलं, किंचित सावरलं, पुन्हा खचलं. डोंगर चढणाऱ्या माणसाचं खचतं तसं.

स्पीकरमधून धापा ऐकू आल्या. मग तिचा आवाज. "दादा चढतोय."

माझ्या शेजारी बसलेल्या मंगलताई दचकल्या नाहीत.

"तोरण्यावर जायचं व्हतं त्याला," त्या म्हणाल्या. "वेल्ह्याला जाणारी पोरं बघायचा मोबाईलवर. म्या म्हनायची, बरा झालास की जाऊ."

"हे कधीपासून होतंय?"

"तो गेल्यापासनं. पोरगी निजली तरी घामानं भिजती. कुणाला सांगायचं?"

टोक आता जवळजवळ तळाला टेकलं होतं. तपासणी थांबवायला मी हात पुढे केला, तेवढ्यात मंगलताईंनी माईक स्वतःकडे ओढला.

"वरद, बहिणीला सोड, बाळा. ती न्हाई पुरायची तुला. माझ्याकडं ये."

टोक वर चढू लागलं.

काचेपलीकडे काहीच हललं नव्हतं.

"आई," श्रावणी म्हणाली. धाप थांबली होती. "तू असं का केलंस?"

उठताना मंगलताईंनी टेबलाचा आधार घेतला.

दिवाळीनंतर भोरला शिबिराला जाताना मी कामथडीला थांबले. दार श्रावणीनं उघडलं. आता नाक्यापर्यंत चालत जाते, म्हणाली. सांगताना तिचा चेहरा उतरलेलाच होता.

मंगलताई पाय पसरून खाटेवर बसल्या होत्या. पोटऱ्या काडीसारख्या झाल्या होत्या. बाहेर हायवेवरून ट्रक चालले होते.

"ताई, पुण्याला चला. तुमचे पाय तपासू."

त्यांनी उजव्या पोटरीवर अलगद तळवा ठेवला. थोपटल्यासारखा.

"हळू बोला, मॅडम," त्या म्हणाल्या. "आत्ताच निजलाय."