तंग कुंडी

आत्या खोटे दात करते. दाताच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यात ती प्लॅस्टर ओतून साचे करते आणि मग मेणात एकेक दात बसवत जाते. तिच्याकडे नवीन माणूस आला की फडताळावर ओळीने मांडलेले जबडे बघून आधी दचकतो आणि मग हळूच स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवून घेतो.

ही झाली पुढची खोली. मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, तिची ऑर्किडं. तीही एकाच जातीची, स्लिपर ऑर्किड. त्यांच्या फुलाची पुढची पाकळी फुगून जोड्याच्या चवड्यासारखी होते, एखाद्या बाहुलीने जोडा काढून ठेवावा तशी. या झाडांना पाणी साठवायची गाठ नसते. म्हणून मुळाशी ओल कायम हवी, आणि चिखल झाला की मुळं कुजलीच म्हणून समजा.

"थोडक्यात, तुझ्यासारखी," आत्या भाचीला म्हणायची. "लाड कमी झाले की सुकणार, जास्त झाले की सडणार."

भाचीला घरात सगळे 'चौकशी' म्हणत. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीवरून पडलेलं नाव, फरक इतकाच की ही खिडकी उत्तरं द्यायची नाही, प्रश्न विचारायची. आत्या दातांचं काम शिकवायला म्हणून परगावी निघाली, तेव्हा तिने मागच्या खोलीची किल्ली हिच्या हातात ठेवली आणि शेवटच्या कुंडीपाशी नेलं.

"हे मी स्वतः बी रुजवून वाढवलंय. जगात दुसरं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा कळी धरलीये त्याने."

ठिपक्या-ठिपक्यांच्या पानांच्या मधून एक केसाळ देठ वर आला होता. टोकाला मिटलेली कळी.

"ही उमलली तर अर्धी खोली तुझी. तुझी झाडं, तुझ्या कुंड्या, तुझी मनमानी."

"आणि नाही उमलली तर?"

"तर जबडे पुसायला ये. पाण्याचं लक्षात आहे ना?"

"कुंडी उचलायची. जड असेल तर गप्प बसायचं, हलकी लागली तर पाणी."

"शाबास. आणि कुंडी कायम तंग. मोठ्या कुंडीत ओल कोंडते."

चौकशीने मान डोलावली. अर्धी खोली! तिने मनातल्या मनात फळ्यासुद्धा ठोकून टाकल्या.

पहिले काही दिवस शाळा सुटली की ती दप्तरासकट थेट तिकडेच. एकेक कुंडी तळहातावर तोलायची, पाणी घालायची, झाडांशी गप्पा हाणायची. सगळ्या कुंड्या शहाण्यासारख्या वागत होत्या. कळीवाली सोडून.

ती सारखी हलकी लागायची. आज तळातून ठिबकेपर्यंत पाणी घालावं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पिसासारखी. शेजारच्या कुंडीत तेच मिश्रण, झाडाच्या सालीचे तुकडे, थोडा कोळसा, थोडं शेवाळ. आणि ती कुंडी मात्र धोंड्यासारखी जड. चौकशीने खालची थाळी पाहिली, कोरडी. फळी चाचपली, कोरडी. पाणी जात होतं कुठे?

ही कुंडी मातीची, शेजारची प्लॅस्टिकची; आणि मातीची कुंडी पाणी शोषते, हे तिला ठाऊक होतं. चला, सापडला चोर! तिने त्याच मापाची प्लॅस्टिकची पारदर्शक कुंडी शोधली, मुळांचा गोळा न फोडता अलगद तिच्यात सरकवला आणि कडेने ओलं शेवाळ भरलं. आता सगळं दिसणार होतं.

दिसलं ते असं: जाड, तपकिरी, लवदार मुळं, आणि सगळीच्या सगळी एका बाजूला. खिडकीच्या विरुद्ध, दाराच्या बाजूला. प्लॅस्टिकला नाक चिकटवून बघणाऱ्या मुलांसारखी दाटून उभी.

उजेडापासून मुळं लांब पळतात, त्यात नवल नाही. चौकशीने कुंडी अर्धी फिरवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मुळं पुन्हा दाराच्या बाजूला होती.

"बाबा, तुम्ही आत्याच्या खोलीत गेला होतात?"

"किल्ली तुझ्या गळ्यात. मी काय भिंतीतून जाऊ?"

तिने कुंडी पुन्हा अर्धी फिरवली आणि आता खिडकीच्या अंगाला आलेल्या मुळांवर, कुंडीला बाहेरून पेनाने खूण केली. पुढच्या दिवशी खूण जागच्या जागी होती. मुळं नव्हती. आदल्या दिवशी खुणेखाली असलेली सगळी मुळं निघून पलीकडे गेली होती. इतकी की खुणेखालच्या शेवाळात त्यांच्या वाटा दिसत होत्या.

भीती वाटायला हवी होती. तिला मात्र आधी वाटलं, कमाल आहे! मग तिने वर पाहिलं. कळीचा देठ पिवळट पडू लागला होता.

आता गंमत संपली. पाणी टिकत नाही याचा अर्थ मुळांच्या मधे कुठेतरी पोकळी असणार, आणि पोकळीत मुळं वाळतात. तिने पुढच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि झाड कुंडीतून बाहेर काढलं.

पोकळी होती. मुळांच्या गोळ्याच्या मध्यभागी, वरून एक भोक, आणि आत आडवी, लांबट जागा. मुळं तिच्या भोवतीने वळली होती, एकही मूळ आत घुसलं नव्हतं. तिने बोट घातलं. भिंत गुळगुळीत होती.

आणि कोमट.

दुसरं कोणी असतं तर झाड तिथेच टाकून पळालं असतं. पण ही आत्याची भाची. समोर ठसे घ्यायच्या गुलाबी पावडरीचा डबा होता. जबड्याचा ठसा घेता येतो, तर पोकळीचा का नाही? पावडर पाण्यात घोटून तिने ती लापशी आत सोडली. घट्ट झाली तशी मुळं हातांनी हलकेच फाकवून रबरासारखा गोळा बाहेर काढला आणि नळाखाली धुतला.

पाय होता. लहान मुलाचा पाय, घोट्यापर्यंत. टाच, चवडा, पाच बोटं.

बाबा तिला जेवायला बोलवायला खालून वर आले, तेव्हा तो टेबलावर होता.

"आत्याने आता दातांबरोबर पायही करायला घेतले की काय?" त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "सुरेख आलाय पण. अंगठ्याचं नखसुद्धा दिसतंय. कुणाचा?"

"माहीत नाही," चौकशी म्हणाली. हे वाक्य ती फारसं कधी बोलत नसे.

तिने आत्याला फोन लावला. पलीकडे जिन्यावरून लोक उतरत असल्याचा गलका येत होता.

"आत्या, त्या झाडाच्या मुळांत पोकळी आहे. पायासारखी. हसू नकोस."

आत्या हसली नाही.

"डावा की उजवा?"

चौकशीने गुलाबी पायाकडे पाहिलं. "उजवा."

"बरं." गलका दूर गेला, आत्या बहुतेक चालत बाजूला झाली होती. "ऐक. पोकळीत मिश्रण ठोसून भर. बोथट काडीने, गच्च. आणि त्याच मापाच्या कुंडीत परत लाव. तंग."

"आणि कळी? ती पिवळी पडतेय गं."

"कळी गेली तरी चालेल."

"काय? अगं, पण तूच म्हणालीस—"

"गेली तरी चालेल, बाळा. तंग कुंडी."

आत्या तिला कधी बाळा म्हणत नसे.

चौकशीने सांगितल्याप्रमाणे केलं. साल ठोसली, शेवाळ ठोसलं, गच्च. दुसऱ्या दुपारी खोलीचं दार उघडलं, तर ते सगळं मिश्रण थाळीत, फळीवर, जमिनीवर पसरलं होतं. कुंडी हातात घेतली, पिसासारखी. आणि कळीने मान टाकली होती.

ती तिथेच उकिडवी बसली. आत्या तिचं मन राखायला तसं बोलली असणार, पोरीने वाईट वाटून घेऊ नये म्हणून. इतकी वर्षं वाट बघितलेली कळी कोण अशी सोडून देईल? आणि अर्धी खोली? झाड तर उघडउघड सांगत होतं त्याला काय हवंय ते. जागा हवी होती. नुसती जागा.

तंग कुंडीचा नियम गेला खड्ड्यात, म्हणून तिने फळीखालची सगळ्यात रुंद, पसरट कुंडी ओढली. तळाला कोळसा, वर साल. पोकळीला हात न लावता झाड मधोमध बसवलं आणि भोवती ओलं शेवाळ गादीसारखं सपाट अंथरलं. मग कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहिली.

जड लागली. दुसऱ्या दिवशीही जड लागली.

कळीने मान वर केली. देठ हिरवा झाला. चौकशी खोलीत एकटीच नाचली.

आत्या परत यायच्या दिवशी कळी उमलली. वरची पाकळी पांढरी, तिच्यावर जांभळ्या रेघा, आणि पुढचा तो जोडा मधाच्या रंगाचा, ओला असल्यासारखा चमकणारा. आतून रिकामा.

खाली रिक्षा थांबली. जिन्यात आत्याचा आवाज आला, "चौकशी! कुठल्या कुंडीत लावलंस?"

"ये तर वर! ये आणि बघ!"

ती फुलाचा वास घ्यायला वाकली, आणि तशीच वाकलेली राहिली.

सकाळी सपाट असलेलं शेवाळ दाराच्या बाजूला, कुंडीच्या काठाला अगदी लागून, दबलं होतं. पाच बोटं आणि चवडा, डाव्या पायाचा. खोल रुतलेला, काठावरून बाहेर पडायला सगळा भार त्याच्यावर दिल्यासारखा.

त्याच्या मागे शेवाळ जसंच्या तसं फुललेलं होतं.

टाच टेकलेलीच नव्हती.