शकूची चकली

दासगावची गाडी काही लागेना. बाहेर पावसाची रिपरिप, महाड स्टँडच्या बाकड्यांवर ओल्या छत्र्या, आणि अमिताचं सगळं लक्ष शकूच्या पायांकडे. चप्पल भिजली की पोरीला सर्दी, सर्दी झाली की ताप... तिनं सवयीनं शकूच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी पुन्हा एकदा लावला, आणि पिशवीत तापाचं औषध आहे ना, ते पाहायला वाकली.

तेवढ्यात शकू सटकली.

शेजारच्या बाकड्यावर एक तरुण मांडीवर कागद पसरून बसला होता. कागदावर काळा चौकोन आणि त्यात एकात एक गोल कड्या – मधल्या ठळक, बाहेरच्या फिकट होत गेलेल्या. शकूनं त्यांवर बिस्किटाचं ओलं बोट टेकवलं आणि जाहीर केलं, "आई, चकली!"

"अगं शकू! सॉरी हं, कागद खराब झाला तुमचा..."

"असू द्या." तो हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा, दुसरा मागून यायचा. "चकली नाही गं बाळा. हा रेणूचा फोटो आहे."

"रेणूचा नाही," अमिताच्या तोंडून निघूनच गेलं. "रेणूंवरून पांगलेल्या इलेक्ट्रॉनांच्या कड्या आहेत त्या. पदार्थाची वाफ करून घेतलेल्या. त्यांवरून अणूंमधली अंतरं काढतात."

तो बघतच राहिला. "तुम्ही... कोण?"

"इथल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी.ला संगणकावर रेणूंचे आकार काढायचे. कड्या मात्र पुस्तकातच पाहिल्या आजवर."

"आणि मी जर्मनीत जाऊन नुसत्या कड्याच पाहिल्या हो! आकार काही बसेना."

दासगावची गाडी लागली, भरली, सुटली. दोघांपैकी कुणालाच ती दिसली नाही.

"आई," शकू शांतपणे म्हणाली, "आपली गाडी गेली."

त्याचं नाव दीपेश. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीतला. वडील मुंबईला कामाला, आई वाडीत म्हशी सांभाळून. शिष्यवृत्तीवर परदेशी गेला, आईच्या दुखण्यासाठी काम अर्धवट टाकून परतला आणि महाडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. पण तो एक हट्टी रेणू त्यानं बरोबर आणला होता – म्हणजे त्याच्या कड्या.

मग दर रविवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोघांची बैठक बसू लागली. दार सताड उघडं... गाव छोटं, आणि अमिता घटस्फोटित. शकू टेबलाखाली खडूनं चकल्या काढायची.

"तुमच्या कड्यांत अंतरं कळतात, पण कुठलं अंतर कुठल्या जोडीचं ते कळत नाही," अमिता म्हणायची. "म्हणून माझा आकार लागतो."

"आणि तुमचा आकार खरा की नुसता देखणा, ते माझ्या कड्या सांगतात." मग तो जरा थांबून, "म्हणजे... रेणूचा आकार म्हणतोय मी."

"मी कुठं दुसरं काही म्हटलं?"

"नाही. पण कान लाल झालेत तुमचे."

"उकडतंय!" असं म्हणून ती खिडकी उघडायला उठायची, आणि बाहेरून पावसाची झड आत यायची.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मधल्या सुट्टीत त्याचा मेसेज यायचा – 'चकली कशी आहे?' आणि तो रेणूबद्दल विचारतोय की शकूबद्दल, हे तिला विचारावंसं वाटायचं नाही. दोन्हींबद्दल असावं, एवढंच वाटायचं.

रेणू मात्र बधत नव्हता. मधे अणूंचं एक वळं आणि त्याला दोन हात, असा तो. अमितानं काढलेल्या आकारात हात पसरलेले होते. त्यावरून गणित मांडलं की दीपेशच्या कड्यांशी ते बऱ्यापैकी जुळायचं, पण एका जागी हटकून चुकायचं.

"तुझी मोजणी हलली असेल," ती म्हणायची.

"माझी मोजणी? मॅडम, तुमचा संगणक डुलक्या काढतो!"

गौरीच्या दिवशी त्यानं दोघींना घरी बोलावलं. "आईला भेट," एवढंच म्हणाला. पण म्हणताना कान त्याचे लाल झाले होते.

घर माणसांनी फुललेलं. मुंबईची झाडून सगळी मंडळी आलेली, बायकांच्या फुगड्या, पोरांचा कालवा. अमितानं शकूला घट्ट धरलं. निरांजनं, समया, तेलाचे दिवे... तिची नजर सगळीकडे. शकू तर तोंडात अंगठा घालून मुकीच झाली होती. दीपेशनं तिला अलगद उचलून मांडीवर घेतलं.

कुणाची तरी नवी सून सूप भरून गौरीपुढे ववसा करत होती. लग्नानंतरची तिची पहिलीच गौर, म्हणून हा सुपाचा मान.

"काय रे दीपेश," एक काकी खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढल्या गौरीला तुझ्या बायकोचं सूप बघायला मिळंल का नाय? का जर्मनीलाच ठेवून आलास?"

सगळं घर हसलं. मग काकीची नजर अमिताकडे वळली. "आन ह्या कोन?"

दीपेशनं मान खाली घातली. "कॉलेजातल्या मॅडम आहेत."

बस्स. एवढंच. कॉलेजातल्या मॅडम.

परतताना तो गाडीपर्यंत आला. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. पुढचे मेसेज तिनं उघडलेही नाहीत. एकदा घर मोडलंय... आता शकूला माणसं मोडताना पुन्हा दाखवायची नाहीत, असं तिनं ठरवलं. पण रविवार आला आणि प्रयोगशाळा इतकी मोठी, इतकी रिकामी वाटली!

टेबलाखाली शकूची पोपटपंची चालली होती. "आई, म्हशीला शिंगं होती. आई, त्या काकीला दातच नव्हते. आई, दीपेशकाकांनी मला..."

"तिथं तर तोंड उघडलं नाहीस," अमिता म्हणाली. "मुकी होतीस नुसती."

"तिथं खूप माणसं होती ना!" शकूला आईच्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

अमिताचा हात थांबला.

खूप माणसं होती. पसरलेल्या हातांचा तो आकार तिनं सुरुवातीला घेतला होता कुठून? स्फटिकावरून! स्फटिकात रेणू चारी बाजूंनी शेजाऱ्यांत दाटलेला. ते जसे ओढतील तसे त्याचे हात पसरणार. आणि संगणकाचं कसं, रेणू जिथं ठेवाल तिथल्या जवळच्या, कमी ऊर्जेच्या खळग्यात तो बसतो. पलीकडचा खोल खळगा त्याला दिसतच नाही. दीपेशच्या कड्या तर वाफेच्या होत्या, एकट्या, मोकळ्या रेणूच्या.

तिनं रेणूचे हात मिटले, वळ्याभोवती घेतले आणि गणित पुन्हा लावलं. ऊर्जा खाली गेली... आणखी खाली... आणि कड्यांवरची ती हटकून चुकणारी जागा गपकन जुळली. रेणू हात मिटून बसला होता. सगळा वेळ.

तिच्या डोळ्यांत पाणी का आलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मेसेज केला – 'चकली बसली.'

तो धावतच आला. पडद्याकडे बघून ओरडला, शकूला गरागरा फिरवलं, आणि मग तिला खाली ठेवलं.

"अमिता, त्या दिवशी... त्या गर्दीत माझी जीभच उचलत नाही गं. लहानपणापासून तसंच आहे. गर्दीत दिसतो तसा मला धरू नकोस."

"नाही धरत," ती हळूच म्हणाली. "चूक माझीही होती. पण दीपेश, रेणूला वाफेत राहता येतं. आपल्याला माणसांतच राहायचंय. इथं बंद खोलीत तू माझा, आणि चार लोकांत मी कॉलेजातली मॅडम – हे मी सोसेन एक वेळ. शकूनं का सोसावं?"

त्यानं फक्त मान हलवली आणि तो गेला. ती पाठमोऱ्या दीपेशकडे बघत राहिली.

दोन-तीन दिवसांनी ती शकूला घेऊन दासगावला निघाली. स्टँडवर हीऽऽ गर्दी. गणपती करून मुंबईला परतणारी माणसं, बोचकी, नारळ. त्या गर्दीत दीपेशच्या वाडीची सगळी मंडळी उभी होती. काकीसुद्धा. अमितानं शकूचा हात धरला आणि मागं वळली.

"अमिता!"

अख्ख्या स्टँडनं वळून पाहिलं. दीपेश एका बोचक्यावर उभा होता. कानशिलं लालभडक, आवाज चिरकलेला.

"काकी, त्या दिवशी विचारलंस ना, ह्या कोण? ही अमिता. मला हिच्याशी लग्न करायचंय. आणि ही शकू... हिचा बाप व्हायचंय मला. म्हणजे, त्या दोघी हो म्हणाल्या तर..."

"अरं मेल्या, उतर खाली! माझे नारळ हायत त्यात!" काकी ओरडली.

हसण्याचा कल्लोळ उडाला. अमिताला हसू की रडू कळेना. गर्दीतून दीपेशची आई, सगुणाबाई, वाट काढत पुढे आली. बाजारातून आलेली दिसत होती, कारण काखेत काहीतरी पेपरात गुंडाळलेलं होतं.

"आई, तुम्हाला... राग नाही ना आला?" अमितानं चाचरत विचारलं.

"राग कसला गो? मला त्याच दिवशी कळलेलं. हा बोलला नाय, पन पोरगी मांडीवर हाय तवर दोनी हात तिच्याभवती. निरांजन हाललं तरी हाताची मिठी सुटली नाय." ती हसली. "तू त्याच्या तोंडाकडं बघत होतीस. मी हाताकडं."

दोनी हात मिटलेले... सगळा वेळ. सगळीकडे लक्ष ठेवणाऱ्या अमिताला नेमकं तेच दिसलं नव्हतं.

सगुणाबाईंनी पेपर सोडला. आत नवंकोरं सूप होतं, आणि त्याच्या पोटात एक चिमुकलं, खेळण्यातलं.

"पुढल्या गौरीला लागंल. बारकं हिचं." आणि मग जरा दरडावून, "हो म्हन लवकर, माझी गाडी सुटंल."

"हो," अमिता म्हणाली. दीपेशकडे बघून, भर स्टँडवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

दीपेशचा एक गाल आधी हसला, दुसरा मागून आला.

शकूनं बारकं सूप डोक्यावर टोपीसारखं घातलं आणि शांतपणे म्हणाली, "आई, आपली गाडी गेली."