नंबर तोच राहील

फर्गस डुलनने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं जॅकेट लाथा मारत होतं.

जूनचा महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, नदीवरून येणारा बोचरा वारा, आणि हुऑनव्हिलच्या मुख्य रस्त्यावरच्या त्या फोनच्या दुकानात मी एक हात पोटाशी घट्ट धरून उभी. काउंटरमागे तांबूस केसांचा एक उंच माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जॅकेटकडे पाहिलं, मग सभ्यपणे छताकडे पाहिलं.

"मॅडम... तुमच्या जॅकेटमधून कान बाहेर आलाय."

"तिचाच आहे. पॅडेमेलनचं पिल्लू. कांगारूची धाकटी बहीणच म्हणा. आई गाडीखाली गेली हिची. घरी एकटीला ठेवलं की रडते, म्हणून घेऊन फिरते. चावत नाही हं." मी जरा थांबले. "ती. माझं सांगता येत नाही."

तो हसला आणि त्याच्या एकाच गालाला खळी पडली. दुसऱ्या गालाला बहुतेक विनोद कळलाच नसावा. मी उगाचच त्या गालाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग कामाचं बोलले. डोव्हरच्या अलीकडे माझ्या ग्लेनिसमावशीचं घर आहे. गाड्यांना धडकलेली, आईवेगळी झालेली जनावरं ती वाचवते. हायवेवर जागोजागी पिवळ्या पाट्या आहेत, त्यांच्यावर मावशीच्या घरच्या फोनचा नंबर रंगवलाय. आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक फ्रिजवर तो चिकटवलेला असतो. मावशीचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून मी होबार्ट सोडून तिच्याकडे राहायला आले होते. घरात मोबाइल चालत नाही आणि जुनी तारेची लाइन आता बंद होणार होती.

"लाइन कुठलीही द्या," मी म्हटलं, "नंबर मात्र तोच हवा."

"नंबर तोच राहील. सोपं आहे." तो टाइप करायला लागला. "जुन्या कंपनीला अजून काही कळवलं नाहीत ना?"

"मावशीने कळवलं ना! सोमवारी फोन करून चांगलं झापलं त्यांना. म्हणाली, शुक्रवारी तोडून टाका."

त्याची बोटं थांबली. खळी गेली.

"उद्या शुक्रवार आहे."

"मग?"

"चालू असलेला नंबरच एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. एकदा का लाइन तोडली, की नंबर गेला. मग मी काय, कुणीच काही करू शकत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे त्या पिवळ्या पाट्या आल्या. थंडीतला काळोख, रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलेलं कुणीतरी, पाटीवर बघून नंबर लावतंय... आणि पलीकडून यंत्राचा आवाज, की हा नंबर अस्तित्वात नाही. जॅकेटमधलं पिल्लू हललं. मी त्याला आणखी जवळ धरलं.

फर्गसने दुकानातला फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. "बसा. त्यांना लावू या आणि ते तोडणं थांबवू या. मी आहे इथे."

फोन लागला, आणि बासरीची एक रटाळ धून सुरू झाली. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं मधूनमधून कुणीतरी सांगत होतं. गिऱ्हाइकं आली, गेली. फर्गस त्यांना चार्जर विकायचा आणि परत माझ्यासमोर येऊन बसायचा. शेवटी तो शेजारच्या बेकरीतून दोन गरम 'स्कॅलप पाय', म्हणजे शिंपल्यांचं मसालेदार सारण भरलेल्या पेस्ट्र्या, घेऊन आला. मला खाता यावं म्हणून त्याने जॅकेटमधली पिल्लाची कापडी पिशवी आपल्या कुशीत घेतली... अगदी हळू, श्वाससुद्धा रोखून.

"सगळ्याच गिऱ्हाइकांना खाऊ घालता का?"

"ज्यांच्या जॅकेटला कान असतात त्यांनाच, मॅडम."

"मॅडम म्हणू नका. मेरिन."

"मग तुझं ते 'नका'सुद्धा नको. फर्गस."

बासरी वाजत राहिली. मला ती आता तितकी रटाळ वाटेना.

"कायम इथलाच का तू?" मी विचारलं.

"जन्मापासून. पण ऑगस्टमध्ये मेलबर्नला चाललोय. मोठं दुकान, मोठा पगार."

"अरे वा," मी म्हटलं. सारणातला मसाला एकदम फिका लागला.

तेवढ्यात बासरी थांबली. शॅनेल नावाची एक मुलगी बोलत होती. मी भराभर सगळं सांगितलं.

"खातं कुणाच्या नावावर आहे?"

"आर्थर पर्टन."

"मग मला त्यांच्याशीच बोलावं लागेल."

मावशीच्या नवऱ्याला, आर्थरकाकाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. नाव बदललेलंच नव्हतं. फर्गसने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं मी न सांगताच ओळखलं. "मावशी घरी आहे? नंबर सांग." आपल्या मोबाइलवर त्याने मावशीला फोन लावला, आवाज मोठा केला आणि दोन्ही फोन काउंटरवर समोरासमोर आडवे ठेवले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी.

"ग्लेनिस बोलतेय. कुठलं जनावर, कुठे?"

"मावशी, जनावर नाही. फोन कंपनी आहे."

"दोन्ही एकच."

"नमस्कार," शॅनेल घाईने म्हणाली, "मला आर्थर पर्टन यांच्याशी बोलायचं होतं."

मावशीचा आवाज एकदम मऊ झाला.

"मलाही गं, पोरी," ती म्हणाली. "मलाही खूप बोलायचंय त्याच्याशी. पण तो गेला."

शॅनेल गडबडली. "माफ करा... मग नाव बदललं नाहीत का?"

"दर महिन्याला बिलावर त्याचं नाव यायचं. बरं वाटायचं तेवढंच." मग तिचा नेहमीचा आवाज परतला. "आता बदल. माझं घाल. तो नंबर त्यानेच रंगवलाय प्रत्येक पाटीवर, शिडीवर चढून. नंबर तेवढा वाचव."

मी काउंटरच्या लाकडाकडे बघत राहिले. फर्गसचा हात माझ्या बाहीवर आला. मला वाटलं, थोपटून मागे घेईल. त्याने घेतला नाही.

शॅनेलने काम चोख केलं. मावशीची ओळख पटवली, नाव बदललं, लाइन तोडणं थांबवलं. फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"आता नवी लाइन सुरू होईपर्यंत जुनीला कुणी हात लावायचा नाही," फर्गस म्हणाला. "आणि मावशीला सांग, कुणाला झापायचंच असेल तर मला झाप."

"ती खरंच झापेल."

"मी येईन ना ऐकायला."

आणि आला की तो! आधी नव्या लाइनचा डबा, म्हणजे मोडेम, कुठे बसवायचा ते बघायला आला. मग भिंत मापायला आला. मग म्हणे, परवा भिंत मापताना चूक झाली असावी. मध्येच त्याने आमची लाकडं फोडून ठेवली, पिल्लाला बाटलीने दूध पाजायला शिकला, आणि मावशीच्या जळक्या केकचे दोन दोन तुकडे खाल्ले.

"हा मुलगा डबा बसवायला येतोय की घर विकत घ्यायला?" मावशीने त्याच्यासमोरच मला विचारलं.

"डबाच बसवायला," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मेलबर्नचा विषय मात्र त्यानेही काढला नाही, मीही नाही.

नंबर नव्या लाइनवर यायचा तो दिवस उजाडला आणि सकाळीच फोन मुका झाला. असं होणारच, फर्गसने सांगून ठेवलं होतं. तरी मावशी फोनशेजारी खुर्ची ओढून बसली ती उठेना. फर्गस डब्यापाशी जमिनीवर मांडी घालून बसला होता. दुपार कलली, आणि डब्यावरचा दिवा हिरवा झाला.

"बाहेरून लावून बघायला हवं," तो उठत म्हणाला. "फाटकापाशी जरा सिग्नल मिळतो."

मी खिडकीतून बघत होते. तो फाटकाजवळ गेला, मोबाइल कानाला लावला... आणि घरात फोन खणखणला! मावशीने चक्क टाळ्या वाजवल्या. मी उचलला.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"स्पष्ट?"

"थंडीने तुझे दात वाजतायत, तेसुद्धा."

"नंबर तोच आहे, मेरिन." तो थांबला. "झालं मग... माझं काम संपलं इथलं."

तो पाठमोरा उभा होता. बुटाने फाटकाच्या खांबाला हळूहळू ठोकत होता. खांबाची दया आली मला. आडून आडून बोलणं मला कधी जमलं नाही, आणि त्या दिवशी तर जमवायचंही नव्हतं.

"फर्गस, मेलबर्नला जाऊ नकोस."

ठोकणं थांबलं.

"तिथे पगार मोठा आहे, ठाऊक आहे मला. इथे तुला काय मिळणार? हा वारा, ओली लाकडं आणि मावशीची बोलणी. आणि मी. मी तुला आवडते, ते त्या पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. आणि तुला दिसलं नसेल तर ऐक... मी प्रेमात पडलेय तुझ्या. चांगली धडपडून पडलेय. झालं माझं बोलून."

तो वळला. एवढ्या लांबूनही मला ती खळी दिसली.

"मेरिन, मी..."

टुक. टुक. फोनमध्ये दुसराच आवाज.

"फर्गस, लाइनवर दुसरं कुणीतरी येतंय. फोन ठेव."

"आत्ता?"

"आत्ता!"

त्याने मुकाट्याने ठेवला. दुसऱ्या फोनवर एक बाई होती, रडवेली. डोव्हरच्या पुलाजवळ तिच्या गाडीखाली पॅडेमेलन आलं होतं, पण जिवंत होतं, श्वास चालू होता. "समोरच पाटी दिसली हो, म्हणून लावला... हाच नंबर ना?"

"हाच," मी म्हटलं. "पोचतोच आम्ही."

मावशीने घोंगडी आणि औषधांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "त्याच्याच गाडीतून जा, फाटकातच उभी आहे. आणि मी काही ऐकलं नाही हं." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, "पण छान बोललीस!"

जाताना गाडीत आम्ही दोघं फक्त रस्त्याविषयी बोललो. पुलाशी ती बाई हेडलाइटच्या उजेडात गुडघ्यांवर बसली होती. आपला कोट तिने त्या जनावरावर घातला होता. एक पाय दुखावला होता, भेदरलं होतं, पण वाचणारं होतं. फर्गसने हळूच उचललं, मी घोंगडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं, आणि आम्ही परत निघालो. हीटरच्या उबेला ओल्या लोकरीचा वास सुटला.

"मेलबर्नला मी नाही कळवलंय," रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला.

"काय नाही कळवलंयस?"

"नाही, 'नाही' असं कळवलंय. येत नाही म्हणून. मागच्या आठवड्यात."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. "मागच्या आठवड्यात? मग फाटकापाशी मला एवढं सगळं बोलू कशाला दिलंस?"

"इतकं छान बोलत होतीस... मध्ये तोडवेना. आणि सांगायला तोंड उघडलं, तर तूच फोन ठेवायला लावलास."

मी चिडायला हवं होतं. प्रयत्नही केला. पण ओठ आपोआपच कानांकडे निघाले होते.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं.

त्याने घेतली. खाली नदी संध्याकाळच्या उजेडात तांबूस झाली होती. मांडीवरच्या पाहुण्याने एक सुस्कारा टाकला आणि डोळे मिटले.

"माझ्या मांडीवर पेशंट आहे," मी म्हटलं. "मला जागचं हलता येत नाही."

"मग?"

"मग काय... तू वाक."

तो वाकला.