वरच्या कुरणाची साखळी

"अहो, ते फाटक लावू नका!"

मी घोड्यावरूनच ओरडले. वाऱ्यात टोपी सावरत तो वळला. मोंटानातला जून... नुकत्याच गारा पडून गेल्या होत्या, गवतात पांढरे दाणे चमकत होते.

"उघडं फाटक दिसलं की लावून घ्यावं, असं माझी आई सांगायची."

"आईकडे गाई किती होत्या?"

"एक मांजर होतं."

हसू दाबत मी म्हणाले, "इथं फाटक जसं दिसलं तसं सोडायचं. पलीकडे पाणी आहे. तुम्ही लावलंत, तर गाई तहानेनं मरतील."

त्याचं नाव एमेट. कुरणं राखणाऱ्या एका संस्थेनं त्याला आमचं गवत मोजायला पाठवलं होतं. डॅडी त्यांच्याशी करार करणार होते : आमच्या जमिनीवर गाई चरत राहतील, पण तिचे प्लॉट कधीच पडणार नाहीत.

एमेट तारेची कडी गवतात फेकायचा आणि गुडघ्यांवर बसून कडीच्या आतल्या गवताच्या काड्या मोजायचा.

"एकशे बारा..."

"एकशे तेरा. एक तुझ्या बुटाखाली आहे."

"कोरा, तू शेजारी बसत जाऊ नकोस. मोजणी चुकते."

मी आणखी जवळ सरकायचे.

ऑगस्टमध्ये, वरच्या कुरणाच्या फाटकापाशी, त्यानं माझ्या बाहीत रुतलेलं कुसळ काढलं—आणि मग हात सोडलाच नाही. ते कुरण डॅडींनी वर्षभर गाई न सोडता राखलं होतं. मी घरी परतले ती तरंगतच... फाटकाची साखळी अडकवायची राहून गेली.

तीन दिवसांत दोनशे गाईंनी ते कुरण बोडकं केलं. ओढ्याचा काठ तुडवून नुसता चिखल केला.

डॅडींनी आम्हा दोघांना अंगणात बोलावलं. याच चुकीसाठी त्यांनी माझ्या भावाला घराबाहेर काढलं होतं.

"मी मंगळवारी तिथून गेलो," एमेट म्हणाला. "उघडं दिसलं. तसंच सोडलं."

"त्याआधी उघडं कुणी टाकलं?"

एमेटनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"कोरा?"

"मी... लावलं होतं, डॅडी."

"मग माझ्याच हातून राहिलं असेल," एमेट हळूच म्हणाला.

"साखळी अडकवता येत नाही, आणि हे माझं कुरण राखणार!" डॅडींनी कराराचा कागद फाडला.

दुपारी तो निघाला. रस्त्याकडचं आमचं फाटक कायम बंद असतं. त्यानं ते उघडलं, गाडी बाहेर काढली... आणि लावायला उतरलाच नाही. इंजिन चालू ठेवून थांबून राहिला.

पहिल्या दिवसानंतर उन्हाळाभर त्यानं फाटकाची चूक एकदाही केली नव्हती. मला कळलं, हे चुकून राहिलेलं नाही, माझ्यासाठी उघडं ठेवलंय.

मी घोडा दामटला. जवळ गेले. गाडीच्या आरशात त्याचे डोळे दिसले.

"कोरा, गाई बाहेर पडतील! बघत काय बसलीस?" मागून डॅडी ओरडले.

मी उतरले. फाटक ओढलं. साखळी अडकवली, दोनदा हिसडून पाहिली. गाडी गेल्यावरही मी साखळी धरूनच उभी होते.

काही वर्षांनी डॅडी वारले. करार नव्हताच, त्यामुळे भावानं त्याच्या वाट्याला आलेलं वरचं कुरण विकलं. आज तिथं अठ्ठावीस घरं आहेत.

फाटक एकही नाही.